मेंढीकोट नीट खेळायचा तर: हुकूम, उतारी आणि चार मेंढ्यांचा हिशेब

मेंढीकोट या पत्त्यांच्या खेळाचे डाव बहुतेक वेळा दोन कारणांनी बिघडतात. पहिलं कारण, हुकुमाचे नियम आधी ठरलेले नसतात आणि वाद सातव्या-आठव्या हाताला निघतो. दुसरं, खेळणारे हात मोजत बसतात आणि मेंढी हातची जाते. हा खेळ हातांचा नाही, मेंढ्यांचा आहे. दहा हात करूनही डाव हरता येतो, कारण समोरच्यांनी तीनच हात केले आणि त्या तिन्हींत एकेक मेंढी असली तर डाव त्यांचाच. पुढची सगळी क्रमवारी हे धरूनच मांडली आहे.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. मेंढी म्हणजे दश्शी, चार रंगांच्या चार. रंग म्हणजे इथे लाल-काळा नव्हे, तर इस्पिक, बदाम, किलवर आणि चौकट. उतारी म्हणजे हाताची सुरुवात करणारं पान. चौघांनी एकेक पान टाकलं की एक हात होतो. हुकूम म्हणजे ज्या रंगाचं पान बाकी तिन्ही रंगांना मारतं तो रंग. समोर बसतो तो भिडू, म्हणजे आपला जोडीदार. या लेखात "समोरचे" म्हणजे मात्र विरोधी जोडी.

## १. कॅट तपासा आणि बसायची जागा ठरवा

जोकर काढा. मग ५२ पानं नुसती मोजू नका, चार रंगांचे चार ढीग करून प्रत्येकात १३ आहेत का ते पाहा. घरातल्या जुन्या कॅटमध्ये एक पान हरवलेलं आणि दुसऱ्या कॅटमधलं एक घुसलेलं असं बरेचदा होतं, तेव्हा बेरीज ५२ भरते आणि दोष लपून राहतो.

एखादं पान हरवलंच असेल तर त्याच कॅटमधल्या जोकरवर पेनाने त्या पानाचं नाव लिहून तो वापरा. त्याची पाठ बाकी पानांसारखीच असते. दुसऱ्या कॅटचं पान घालू नका, पाठ वेगळी दिसते आणि ते कोणाच्या हातात आहे हे सगळ्यांना कळतं. कोपरा दुमडलेल्या पानाचंही तसंच. दुमडलेलं पान मेंढी असेल तर ती कॅट बाजूलाच ठेवावी.

चौघे गोल बसतात, भिडू समोरासमोर. शेजारी-शेजारी भिडू बसले तर खेळ मोडतो, कारण एका जोडीची दोन पानं लागोपाठ पडतात आणि समोरच्यांना मधे पान टाकायची जागाच राहत नाही.

तपासणी: चार ढीग, प्रत्येकी १३. चार मेंढ्या डोळ्यांनी पाहिल्या. भिडू समोर.

## २. पानं वाटण्याआधी हे ठरवून घ्या

मेंढीकोटाचा एकच एक छापील नियम नाही. गावागावांत, घराघरांत फरक आहेत आणि ते सगळे चालतात, फक्त चौघांना एकच माहीत हवा. पुढच्या गोष्टी मोठ्याने बोलून घ्या:

- हुकूम कट की बंद? (दोन्ही पद्धती पाचव्या टप्प्यात सांगितल्या आहेत.)
- बंद असेल तर, उघडायला सांगणाऱ्याने हुकूम असल्यास तो टाकलाच पाहिजे का?
- वाटणं आणि खेळणं उजव्या हाताने फिरणार की डाव्या? (या लेखात उजव्या हाताने धरलं आहे. फक्त वाटणं एकीकडून आणि खेळ दुसरीकडून असं करू नका.)
- मेंढ्या २–२ झाल्या तर ७ हात करणाऱ्यांचा डाव, हे सगळ्यांना मान्य आहे का?
- रंग असून न देणाऱ्याला काय दंड?

नवखा कोणी बसला असेल तर पानांचा क्रमही सांगा: एक्का, राजा, राणी, गुलाम, मेंढी, नव्वी, अठ्ठी, सत्ती, छक्की, पंजी, चौकी, तिर्री, दुर्री. मेंढी महत्त्वाची म्हणून ती सगळ्यांत मोठी, असा समज नवख्यांचा हमखास होतो. ताकदीने ती पाचवी आहे. तिच्याच रंगाची चार पानं तिला पकडू शकतात, आणि हुकुमाचं तर कुठलंही. सगळ्यांत मोलाचं पान मधल्या ताकदीचं असणं, हाच या खेळाचा पेच आहे.

## ३. पिसणं, काटणं, वाटणं

मागच्या डावातली पानं हातांच्या गठ्ठ्यांनी गोळा झालेली असतात. बहुतेक हातांत तीन-चार पानं एकाच रंगाची. ती वरवर पिसून पाच-पाच, चार-चार वाटली की एकेकाकडे एकाच रंगाची रास जाते आणि दुसऱ्याच उतारीला हुकूम पडतो. म्हणून या खेळात पिसणं इतर खेळांपेक्षा जास्त नीट हवं.

दोन गठ्ठे करून पानं एकमेकांत फरफर सोडत मिसळायची पद्धत येत असेल तर सात वेळा करा. सात वेळांत ५२ पानं पुरेशी मिसळतात, हे डेव्ह बायर आणि पर्सी डायाकॉनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलं. हातात धरून वरची पानं खाली सरकवायची नेहमीची पद्धत याहून फार संथ आहे, तिने दहा-पंधरा वेळा पिसूनही गठ्ठे टिकतात. लहान हातांसाठी सोपा उपाय: सतरंजीवर सगळी पानं पालथी पसरा आणि दोन्ही तळव्यांनी मिनिटभर चांगली कालवा.

पिसून झाल्यावर वाटणाऱ्याच्या डावीकडच्याने कॅट काटायची. मग उजवीकडून सुरुवात करून आधी सगळ्यांना ५, मग ४, मग पुन्हा ४. एकूण १३.

तपासणी: पानं उचलण्याआधी प्रत्येकाने पालथीच मोजावीत. कोणाकडे १२ आणि कोणाकडे १४ असतील तर सगळी गोळा करून पुन्हा वाटा. एकदा पानं पाहिली की "माझ्यातलं एक घे" हा उपाय चालत नाही, कोणतं पान द्यायचं हे पाहून ठरतं.

## ४. हातातली पानं लावणं

रंगवार लावा, पण काळा-लाल-काळा-लाल या क्रमाने: इस्पिक, बदाम, किलवर, चौकट. बदाम आणि चौकट शेजारी ठेवले की घाईत एक दुसऱ्यासारखा दिसतो, आणि रंग असून न दिल्याच्या निम्म्या चुका तिथेच होतात. प्रत्येक रंगात मोठं पान डावीकडे.

लावून झाल्यावर खेळण्याआधी तीन गोष्टी पाहा. कोणता रंग लांब आहे? कोणता रंग एक-दोन पानांचाच आहे? माझ्याकडच्या मेंढीसोबत कोण आहे? एक्का किंवा राजा सोबत असेल, निदान दोन-तीन बारकी पानं असतील, तर मेंढी झाकलेली. त्या रंगाचं दुसरं पानच नसेल तर ती एकटी. एकटी मेंढी हा धोका आहे, कारण त्या रंगाची उतारी झाली की ती टाकावीच लागते.

## ५. हुकूम ठरवणं

### बंद हुकूम

वाटणाऱ्याच्या उजवीकडचा खेळाडू आपली पानं पाहतो आणि एक पान पालथं समोर ठेवतो. त्या पानाचा रंग हा हुकूम. काही घरांत पहिली पाच पानं वाटून झाल्यावरच ते ठेवायला लावतात, त्यात अंदाज जास्त लागतो. उतारीही तोच करतो.

कोणतं पान ठेवायचं? सर्वांत लांब रंगातलं सर्वांत बारकं. मेंढी कधीच ठेवू नये. ठेवलेलं पान उघडेपर्यंत हातात येत नाही, आणि उघडल्यावर ते सगळ्यांना दिसतं. तुमची मेंढी कुठे आहे हे समोरच्यांना आयतं कळतं.

एकाच्या हातातली पानं उदाहरणाला घेऊ. इस्पिक: एक्का, राणी, नव्वी, सत्ती, तिर्री. बदाम: राजा, मेंढी, चौकी. किलवर: गुलाम, छक्की. चौकट: एक्का, अठ्ठी, पंजी. इथे इस्पिकची तिर्री ठेवायची. बदामात राजा आणि मेंढी आहेत म्हणून बदाम हुकूम करावासा वाटतो, पण पानं तीनच. समोरच्या एकाकडेच पाच बदाम असले तर तुमचा हुकूम त्यांच्या कामी येतो.

खेळ सुरू झाल्यावर ज्याच्याकडे उतारीचा रंग नाही त्याच्यापुढे दोन वाटा असतात. न उघडताच कुठलंही पान टाकायचं, नाहीतर "हुकूम उघडा" म्हणायचं. उघडल्यावर ते पान ठेवणाऱ्याच्या हातात परत जातं. तेव्हापासून हुकुमाला ताकद येते, त्याआधी नाही.

वाद होतात ते या चार ठिकाणी. प्रत्येकासाठी एक निवाडा सुचवतो:

१) उघडायला सांगितलं आणि हुकुमाचं पान हातात आहे: ते टाकलंच पाहिजे. नाहीतर नुसतं कुतूहल म्हणून हुकूम उघडून घेतला जातो.

२) त्याच हातात कोणी आधीच त्या रंगाचं पान न उघडता टाकलं होतं: त्याला हुकुमाची ताकद नाही. उघडल्यानंतर पडलेलीच पानं हुकूम म्हणून धरायची.

३) हुकुमाच्याच रंगाची उतारी झाली आणि ठेवणाऱ्याकडे त्या रंगाचं पालथं ठेवलेलं एवढंच पान उरलं आहे: त्याने ते उघडून टाकावं. लांब रंगातलं पान ठेवलं की ही वेळ सहसा येत नाही.

४) शेवटपर्यंत कोणी उघडायलाच सांगितलं नाही: तेराव्या हाताला ठेवणाऱ्याकडे तेच एक पान उरतं. तो ते उघडून टाकतो आणि त्या क्षणापासून तो हुकूम धरला जातो.

सावधान: भिडूचा हात होत असताना हुकूम उघडायला सांगू नका. नियमाप्रमाणे तुम्हाला त्याच्यावरच हुकूम मारावा लागेल, आणि तुमच्यानंतरच्या समोरच्या खेळाडूला मोठा हुकूम टाकायची संधी मिळेल.

### कट हुकूम

इथे सुरुवातीला हुकूम नसतोच. पहिल्यांदा ज्याच्याकडे उतारीचा रंग नसेल तो जे पान टाकेल त्याचा रंग हुकूम, आणि ते पान त्याच हातात हुकूम म्हणून धरलं जातं. निवडीला दुसरी संधी नाही. नवखा खेळाडू सवयीने एखादी दुर्री फेकतो आणि समोरच्याचा लांब रंग हुकूम करून बसतो. उतारीचा रंग संपलेला दिसला की पान टाकण्याआधी थांबा आणि लांब रंग शोधा. भिडूचा हात होत असला तरी तुमच्या पानाने हुकूम ठरणारच, त्यामुळे "हा हात आपलाच आहे, काहीही टाकू" हा विचार इथे सर्वांत महागात पडतो.

कट हुकुमात उतारीचं गणित वेगळं आहे. समजा तुमच्याकडे एका रंगाची सहा पानं आहेत. बाकी तिघांत मिळून सात. दोन उताऱ्यांत तिघांनी सहा दिली की बाहेर एकच उरतं. तिसऱ्यांदा तोच रंग उतरलात तर तिघांपैकी दोघांकडे तो रंग नसणार, आणि तुमच्यानंतर लगेच पान टाकणारा समोरच्यांपैकी आहे. बहुतेक वेळा हुकूम तोच ठरवतो. लांब रंगाचा एक्का-राजा लागोपाठ खेळून तिसऱ्यांदा तोच रंग उतरणं म्हणजे हुकूम समोरच्यांना देणं.

उलट, ज्या रंगाची एक-दोनच पानं आहेत तो लवकर संपवा. वरच्या उदाहरणात किलवरची दोन पानं गेली की पुढच्या किलवरला तुम्ही इस्पिक टाकून हुकूम करू शकता. त्याआधी चौकटचा एक्का खेळून घ्यावा. पहिल्या फेरीत प्रत्येकाकडे रंग असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, त्यामुळे एक्का तेव्हाच निर्धोक चालतो.

एक जागा अशी आहे जिथे मेंढीनेच हुकूम ठरवणं उत्तम: हातात तुमचं पान चौथं आहे, आधीच्या तिघांनी रंग दिला आहे आणि तुमच्याकडे तो नाही. तुमच्यानंतर मारणारा कोणी नाही. मेंढी टाका. रंग हुकूम झाला, हात झाला आणि मेंढी घरी आली. मात्र त्या रंगाची आणखी निदान तीन पानं तुमच्याकडे हवीत. नाहीतर एका मेंढीसाठी सबंध डावाचा हुकूम दिलात.

## ६. एकेक हात खेळणं

क्रम साधा आहे. पहिली उतारी वाटणाऱ्याच्या उजवीकडच्याची. प्रत्येकाने रंग असल्यास रंगच द्यायचा. मोठं पान टाकायची सक्ती नाही, रंगातलं कुठलंही चालतं. रंग नसेल तर हुकूम मारा किंवा दुसरं काही टाका, इथेही सक्ती नाही (बंद हुकूम उघडवलेला हात सोडून). हुकूम पडला असेल तर सर्वांत मोठ्या हुकुमाचा हात, नसेल तर उतारीच्या रंगातल्या सर्वांत मोठ्या पानाचा. ज्याचा हात त्याची पुढची उतारी.

हात गोळा करायचं काम प्रत्येक जोडीत एकानेच करावं. चार-चार पानांच्या जुड्या आडव्या-उभ्या ठेवल्या की मोजायला सोप्या जातात, आणि रंग चुकल्याची तक्रार आलीच तर मागचा हात काढून दाखवता येतो. जिंकलेली मेंढी मात्र सुलटी, सगळ्यांना दिसेल अशी ठेवा.

तपासणी: दोन्ही बाजूंच्या जुड्या आणि एकाच्या हातात उरलेली पानं यांची बेरीज नेहमी १३. कमी-जास्त आली तर कोणाची तरी जुडी चुकीची उचलली गेली आहे, तिथेच थांबून शोधा.

## ७. मेंढी कधी टाकायची, कधी धरायची

इथेच डाव ठरतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

चौथं पान तुमचं असताना भिडूचा हात होत असेल तर मेंढी टाका. याहून सुरक्षित जागा नाही. पुढे टाकू म्हटलं तर हे "पुढे" कधी येईल याची खात्री नसते, कारण रंग दोन-तीनदा फिरला की कोणाकडे तरी तो संपतो आणि हुकूम पडतो.

तिसरं पान तुमचं असताना हात आवरा. समजा हुकूम किलवर आहे. भिडूने बदामचा राजा उतरला, दुसऱ्याने सत्ती टाकली, तुमच्याकडे मेंढी आणि पंजी आहेत. राजा मोठा दिसतो म्हणून मेंढी टाकावीशी वाटते. पण एक्का अजून बाहेर आहे आणि तो तुमच्याकडे नाही. चौथ्याकडे असला तर राजा आणि मेंढी दोन्ही गेले. पंजी द्या. भिडूने एक्का उतरला असता तर गोष्ट वेगळी होती: पहिल्याच फेरीला चौथ्याकडे बदाम नसण्याची शक्यता कमी, म्हणून मेंढी टाकायला हरकत नाही. तोच एक्का बदामच्या तिसऱ्या फेरीला आला असेल तर आधी हुकूम किती निघालेत ते आठवा.

दुसरं पान तुमचं असताना मेंढी टाकू नका. दोन पानं अजून यायची आहेत आणि त्यातलं एक समोरच्यांचं आहे.

उतारीलाच मेंढी टाकायची ती तिच्यावरची चारही पानं निघून गेली असतील आणि समोरच्यांकडचे हुकूम संपले असतील तरच.

एकटी मेंढी असेल तर त्या रंगाची उतारी होण्याआधी तिला बाहेर काढायची वाट शोधा. तुमच्याकडे दुसरा एखादा रंग संपलेला आहे, त्या रंगात भिडूचा एक्का पडला आहे आणि तुमच्यानंतर कोणी नाही, अशा हातावर ती टाकून द्या. यासाठीही छोटा रंग लवकर संपवणं उपयोगी पडतं.

समोरच्यांची मेंढी पकडायची असेल तर क्रम असा: आधी हुकूम काढून घ्या, मग मोठी पानं खेळा. एक्का, राजा आणि राणी हातात असताना तीन फेऱ्या खेळलात की सोबत दोनच पानं असलेली मेंढी तिसऱ्या फेरीला पडते. पण समोरच्यांकडे हुकूम शिल्लक असतील तर तिसऱ्या फेरीला तुमची राणी मारली जाते. हुकूम काढणं म्हणजे हुकुमाचीच उतारी करणं. ती करताना मोजा: एकूण १३, माझ्याकडे इतके, पडले इतके, बाहेर इतके. समोरच्या दोघांनी हुकुमाच्या उतारीला दुसरा रंग दिला की थांबा. त्यापुढे काढलेला प्रत्येक हुकूम तुमच्या किंवा भिडूच्याच खिशातून जातो.

रिकाम्या हातावर मोठा हुकूम खर्च करू नका. हातात मेंढी पडलेली नाही आणि त्या रंगाची मेंढी आधीच निघून गेली आहे, तर तो हात समोरच्यांना जाऊ द्या आणि नकोसं पान टाका. याला अपवाद एकच: मेंढ्या २–२ होणार असं दिसू लागलं की हात मोजायला लागा. मग रिकाम्या हातालाही किंमत आहे.

बावन्न पानं लक्षात ठेवायची गरज नाही. ज्या रंगाची मेंढी अजून बाहेर आहे त्या रंगाची वरची चार पानं आणि हुकुमाची संख्या, एवढंच ध्यानात ठेवा. मेंढी निघून गेली की तो रंग डोक्यातून काढून टाका.

## ८. डावाचा निकाल

- तीन मेंढ्या: डाव जिंकला.
- चारही मेंढ्या: मेंढीकोट.
- २–२: ज्यांचे ७ किंवा जास्त हात त्यांचा डाव. हात १३ असल्यामुळे बरोबरी होतच नाही.
- तेराही हात: बावन्न पानी कोट.

कागदावर लिहायचं असेल तर साध्या डावाला १, कोटाला २ आणि बावन्न पानी कोटाला ३ गुण हे वाटप चालतं. बरीच मंडळी फक्त कोट मोजतात. पुढचा डाव हरलेल्या जोडीने वाटायचा.

सावधान: तिसरी मेंढी मिळाली की पानं फेकून डाव संपवू नका. चौथी बाकी आहे, म्हणजे कोटही बाकी आहे. समोरच्यांनाही ती वाचवायचा पूर्ण हक्क आहे.

## ९. चुकलं तर काय करायचं

रंग असून दुसरं पान टाकलं ही सर्वांत मोठी चूक. पुढची उतारी होण्याआधी लक्षात आली तर पान परत घेऊन योग्य पान टाकावं, त्याच्यानंतरच्यांनाही आपलं पान बदलू द्यावं. पुढची उतारी झाल्यावर सिद्ध झाली, म्हणजे "नाही" म्हटलेल्या रंगाचं पान नंतर निघालं, तर डाव समोरच्यांचा. मुलं खेळत असतील तर तो हात आणि त्यातली मेंढी समोरच्यांना देऊन पुढे खेळा. दंड कुठलाही असो, तो दुसऱ्या टप्प्यातच ठरलेला असावा.

पाळी नसताना पान टाकलं तर ते सुलटंच समोर राहू द्या. त्याची खरी पाळी येईल तेव्हा, त्या हातात बसत असेल तर तेच टाकावं लागतं. हातातून चुकून खाली पडलेल्या पानालाही हाच न्याय लावता येतो.

भिडूशी बोलणं, भुवया उडवणं, पान जोरात आपटून "माझ्याकडे आणखी आहे" असं सुचवणं बंद. भिडूला सांगायचं ते टाकलेल्या पानातूनच सांगा: रंग नसताना एखाद्या रंगाचं बारकं पान टाकलंत तर त्यात तुम्हाला रस नाही असं तो समजेल. असे संकेत चौघांनाही माहीत असले की त्यात गैर काही नाही.

## १०. चौघांपेक्षा कमी-जास्त असाल तर

सहाजण असतील तर तिघांच्या दोन जोड्या करा आणि एकाआड एक बसा. चारही दुर्र्या काढा, ४८ पानं उरतात, प्रत्येकाला ८. इथे हात आठच असल्याने मेंढ्या २–२ आणि हात ४–४ अशी बरोबरी होऊ शकते. आधी चार हात पूर्ण करणाऱ्यांचा डाव, किंवा डाव रद्द, यातलं एक आधी ठरवा. सहा पानांच्या हातात तुमच्यानंतर दोन-दोन विरोधक बोलायचे असतात, त्यामुळे मेंढी शेवटच्या जागेवरूनच टाकायचा नियम जास्त कडक पाळा.

आठजण असतील तर दोन कॅट एकत्र करा: १०४ पानं, प्रत्येकी १३, मेंढ्या आठ. पाच मेंढ्या झाल्या की डाव, ४–४ झाल्या तर ७ हात. एकाच हातात दोन सारखीच पानं पडली, उदाहरणार्थ बदामचे दोन एक्के, तर आधीचं मोठं की नंतरचं, हे न ठरवता सुरू केलेला डाव पूर्ण होत नाही. दोन्ही कॅटच्या पाठी सारख्या हव्यात.

तिघं असाल तर मेंढीकोटाचा हट्ट सोडा आणि पाच-तीन-दोन खेळा: एक्क्यापासून अठ्ठीपर्यंतची २८ पानं, अधिक इस्पिक आणि बदामच्या सत्त्या, मिळून ३०, प्रत्येकी १०. दोघंच असाल तर तीच ३० पानं सात-आठ या खेळाला लागतात, प्रत्येकी १५.